कर्मचारी क्रमांक एक

त्या सोमवारी मडिवाळप्पांनी आपल्याच एका माणसाला काउंटरवरून हटवायचा हुकूम दिला, तेव्हा तो माणूस कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही. लातूरच्या त्यांच्या मोठ्या कापड दुकानात, वरच्या मजल्यावर, जिथे शालू दाखवायच्या पांढऱ्या गाद्या अंथरलेल्या असतात तिथे मीटिंग भरली होती. चाकूर, शिरूर अनंतपाळ आणि कंधारच्या दुकानांचे मॅनेजर मांडी घालून बसले होते. समोर भिंतीवर चादर ताणून तिच्यावर आकडे पाडले होते, आणि त्या आकड्यांत कुणा एका कर्मचाऱ्याचं पितळ उघडं पडलं होतं.

आकड्यांचा हा उद्योग त्यांच्या मुलाचा, संगमेशचा. तो पुण्याला शिकून परत आला तेव्हापासून चारही दुकानांत काही ना काही टिपून ठेवलं जात होतं. बिलं संगणकात जात होती. गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर बिलावर चढत होता. दारावरचा कॅमेरा आत कोण आलं, बाहेर कोण गेलं आणि जाताना हातात पिशवी होती की नव्हती, ते बघत होता. नोकर मंडळी सकाळ-संध्याकाळ हजेरीच्या मशीनवर अंगठा लावत होती. अशी वर्षानुवर्षांची माहिती साठत चालली होती, आणि तिच्याकडे ढुंकून कुणी बघत नव्हतं. मडिवाळप्पांना संगणकातलं काही कळत नसलं तरी धंद्यातलं कळत होतं. "गोदामात माल भरत ऱ्हायचा अन् इकायचं नावच घ्यायचं न्हाई, असा कुठं धंदा असतो का?" असं त्यांनी एकदा जेवताना विचारलं, तेव्हा संगमेश ओशाळला आणि त्या साठलेल्या मालातून काही कामाचं निघतं का हे बघायला त्याने नांदेडहून वर्षाराणीला बोलावून घेतलं.

वर्षाराणीने नांदेडला विद्यापीठात संख्याशास्त्र केलं होतं आणि पुढे काही वर्षं एका कंपनीत आकडे चाळले होते. बोलायला ती कमी, पण बोलली की समोरच्याच्या डोळ्यांत बघून. कामाला लागण्याआधी तिने एकच अट घातली होती, की मला नोकरांची नावं देऊ नका, नुसते क्रमांक द्या. नाव कळलं की मन मध्ये येतं, असं तिचं म्हणणं. संगमेशला ते फार पटलं. त्याने नावं पुसून सगळी माहिती तिच्या हवाली केली, आणि तसं करताना क्रमांक एक कुणाचा हे बघायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मीटिंग सुरू झाली आणि मडिवाळप्पा बराच वेळ खूश होते. पोरीने दाखवून दिलं, की शिरूर अनंतपाळला शाळेच्या गणवेशाचं कापड पोहोचतं तेव्हा शाळा सुरू होऊन गेलेल्या असतात आणि लोकांनी लातूर गाठलेलं असतं. कंधारला बाजाराच्या दिवशी दार सारखं उघडतं-मिटतं, आणि नेमक्या त्याच दिवशी निम्मी माणसं सुट्टीवर असतात. चाकूरला नऊवारी माळ्यावर ठेवल्यामुळे ती मागायला आलेल्या म्हाताऱ्या बायका जिना बघूनच परत फिरतात. प्रत्येक गोष्टीला आप्पा मांडीवर थाप मारत आणि त्या त्या गावच्या मॅनेजरकडे असं बघत, की तो आपल्या पायाची बोटं मोजायला लागे.

मग भिंतीवरच्या आलेखात लाल खड्डे आले.

"गिऱ्हाईक आत येतं, पण काही न घेता बाहेर जातं, असे दिवस मी वेगळे काढले," वर्षाराणी म्हणाली. "ते सगळे एकाच माणसाच्या हजेरीशी जुळतात. कर्मचारी क्रमांक एक. तो ज्या दुकानात असेल त्या दुकानात त्या दिवशी असंच होतं, ऐन सणातसुद्धा. त्याला काउंटरवर बसू देऊ नये, अशी माझी शिफारस आहे."

लातूरच्या दुकानाचे जुने मॅनेजर नागप्पा पंख्याकडे बघायला लागले. संगमेशच्या तोंडचं पाणी पळालं. मशीन बसवलं तो दिवस त्याला आत्ता आठवला होता.

मडिवाळप्पांना काहीच आठवलं नव्हतं. कोण हा एक नंबर, असं त्यांनी विचारलं. कुणी बोलेना. ही सगळी मंडळी त्या माणसाला पाठीशी घालतायत, असा त्यांनी त्या शांततेचा अर्थ लावला आणि त्यांचा पारा चढला. आपण सायकलवर गठ्ठे बांधून गावोगाव कापड विकलं, तेव्हा कुठे ही चार दुकानं उभी राहिली, आणि इथे कुणी गिऱ्हाईक हाकलून देत बसलाय आणि तुम्ही त्याला जेवणाच्या डब्यातलं लोणचं देताय, असं ते बरंच बोलले. नागप्पांना त्यांनी हुकूम लिहून घ्यायला सांगितला. नागप्पांना पेन सापडेना. तेव्हा आप्पांनी स्वतःचा मोबाईल काढला आणि चारही दुकानांच्या ग्रुपवर आवाजी निरोप टाकला.

"कर्मचारी नंबर एक, ह्याला आजपासून कुठल्याच दुकानात काउंटरवर बसू द्यायचं न्हाई. कुणी बसू दिलं तर त्यो बी घरी जाईल. मी मडिवाळप्पा बोलून राहिलो."

खालच्या मजल्यावरून आणि गावोगावच्या दुकानांतून ग्रुपवर पटापट होकाराचे अंगठे आले.

संगमेश म्हणाला, आप्पा, जरा बाजूला चला, एक सांगायचंय. आप्पा म्हणाले, सांगायचं ते मशीनच सांगेल, आणि ताडताड जिना उतरून हजेरीच्या मशीनपुढे उभे राहिले. त्यांनी झाडून सगळ्या माणसांना रांगेत उभं केलं. एकेकाने अंगठा लावावा, मशीनने बाईच्या आवाजात धन्यवाद म्हणावं आणि काचेवर क्रमांक दाखवावा, असं चाललं. गिऱ्हाइकं काउंटरवर ताटकळली. सेल्समन झाले, पाणी भरणारी बाई झाली, बाहेरगावचे मॅनेजर झाले. एक नंबर काही निघेना. मशीनच बिघडलं असणार, असं म्हणून आप्पांनी ते तपासायला स्वतःचा अंगठा टेकवला. मशीन धन्यवाद म्हणालं आणि काचेवर हिरवागार एकचा आकडा उमटला.

त्यांनी अंगठा धोतराला पुसला आणि पुन्हा लावला. मशीन पुन्हा धन्यवाद म्हणालं.

मशीन आलं तेव्हा नोकरांनी कुरकुर करू नये म्हणून पहिला अंगठा मालकांनी स्वतः लावला होता. पेढेही वाटले होते. पुढे सवयच लागली. ज्या दुकानात जातील तिथे आधी अंगठा, मग गादी. मालक असलो तरी शिस्त म्हणजे शिस्त, असं ते चार लोकांत अभिमानाने सांगत.

वर्षाराणी जिन्यात उभी होती. तिला सगळं कळलं होतं. "मला नावं माहीत नव्हती," ती म्हणाली.

"मालूम असतं तर?"

"तरी हेच सांगितलं असतं. फक्त मीटिंगमध्ये न सांगता तुम्हाला एकट्याला सांगितलं असतं."

संगमेशने तिला साड्यांच्या मांडणीमागे नेलं आणि तेवढं एक पान अहवालातून काढता येईल का, असं हळूच विचारलं. ती म्हणाली, पान काढायचं तर मी अख्खा अहवालच परत घेते. चाकूरच्या म्हाताऱ्या बायकांचा जिना खरा आणि हे मात्र खोटं, असं मला करता येणार नाही. हे बोलणं मांडणीच्या अलीकडे आप्पांनी ऐकलं, आणि त्यांना जास्तच राग आला, कारण तिच्या जागी ते असते तर त्यांनीही असंच उत्तर दिलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाडी काढायला लावली आणि चाकूर गाठलं. आकडे कसे साफ चुकलेत हे ते आता दाखवून देणार होते. गिऱ्हाईक तोंडावरून ओळखणारे दुकानदार पुष्कळ असतात. मडिवाळप्पा गिऱ्हाईक घराण्यावरून ओळखत. ही कुणाची लेक, कुठे दिली, सासरा काय करतो, नणंद कुठली, सगळं त्यांच्या जिभेवर असे. असल्या माणसामुळे गिऱ्हाईक पळतं, हे त्यांना मशीनने काय, कुणीही सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

चाकूरच्या मॅनेजरने दारातच हात जोडले. "आप्पा, तुम्हीच म्हणलाव, बसू दिलं तर तू बी घरी जाशील. माझी दोन लेकरं हाईत."

"बसायला मनाई हाय. उभं ऱ्हायला न्हाई," आप्पा म्हणाले, आणि काउंटरला टेकून उभे राहिले.

थोड्या वेळाने एक बाई मैत्रिणीबरोबर आली. तिने हिरवी इरकल उलगडायला लावली, पदर खांद्यावर टाकून आरशात बघितलं, आणि आता ही घडी करून पिशवीत जाणार असं सगळ्यांना वाटलं, तेवढ्यात आप्पांना ओळख पटली. त्यांच्या जुन्या मित्राची, अमृतरावांची ती थोरली सून होती. आप्पांचा चेहरा फुलला. त्यांनी तिच्या सासऱ्याची खुशाली विचारली. मागच्या दिवाळीला तिने नेलेल्या दोन साड्या रंगासकट त्यांना आठवल्या, आणि त्या त्यांनी सगळ्यांसमोर आठवून दाखवल्या. सून किती हौशी आहे हे आपण अमृतरावांना त्याच आठवड्यात सांगितल्याचंही त्यांनी तिला कळवलं. बाईने पदर काढून ठेवला आणि नुसतं बघायला आलो होतो म्हणत ती मैत्रिणीला घेऊन निघून गेली. मागोमाग दारात तीन बायका आल्या, आप्पांना बघितलं आणि सरळ पुढे चालू लागल्या.

"बघितलंव? किती काटकसरी सून हाय," आप्पा मॅनेजरला म्हणाले. मॅनेजर हो म्हणाला.

कंधारला तर त्याहून कहर झाला. तिथे एक मास्तर सारख्याच दोन साड्या बांधून घेत होते. आप्पांनी त्यांना ओळखलं आणि आपुलकीने विचारलं, घरी तर बाई एकच, मग ही दुसरी कुणासाठी? मास्तरांची बायको पलीकडे पोरांचे कपडे बघत होती. तिने पोरांचे कपडे खाली ठेवले. दुसरी साडी मास्तरांच्या बहिणीसाठी होती, पण तो खुलासा पुरा होईपर्यंत नवरा-बायको दोघंही रस्त्यावर पोहोचले होते आणि दोन्ही साड्या काउंटरवर पडून होत्या.

आठवड्याने वर्षाराणीने नवे खड्डे आणून दाखवले. ते पहिल्यापेक्षा खोल होते.

त्या दुपारी आप्पा घरी जेवायला बसले आणि रत्नम्मांना, म्हणजे आपल्या बायकोला, त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. मशीन किती खोटं, पोरगी किती हट्टी आणि मुलगा किती मऊ. रत्नम्मा भाकरी थापत ऐकत होत्या. भाकरी तव्यावर टाकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "पोरगी खरं बोलून राहिली."

आप्पांचा हात ताटातच थांबला.

"बाई दुकानात पाय टाकती अन् तुम्ही तिच्या सासऱ्याचं नाव घेताव. सांजच्याला देवळात सासरा भेटला की तिनं काय घेतलं ते त्याला सांगताव. कोण येईल तुमच्याकडं?"

"मी कौतुकानं सांगतो."

"कौतुकच की. तिला घरी जाऊन त्येच्यावरून ऐकून घ्यावं लागतं." रत्नम्मांनी भाकरी उलटली. "मी बी न्हाई येत."

आप्पांना ते कळायलाच वेळ लागला. "मंग तुझ्या साड्या?"

"उदगीरहून आणते. भैनीकडं गेले की."

"कवापासून?"

"लई वर्षं झाली," रत्नम्मा म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात गरम भाकरी टाकली. आवाजात अपराधीपणाचा लवलेश नव्हता.

चार दुकानांचा मालक, आणि घरची बाई दुसऱ्याच्या दुकानातून साड्या आणते. मडिवाळप्पांनी ती भाकरी कशीबशी संपवली. दुखावलेल्या माणसाने खरं तर गप्प बसावं, पण गप्प बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दुपारभर ते झोपाळ्यावर बसून होते. संध्याकाळी संगमेश आला आणि म्हणाला, आप्पा, एवढं कशाला, तो हुकूम तुम्ही परत घ्या आणि जाऊन बसा आपल्या गादीवर, पोरीची समजूत मी काढतो.

"मडिवाळप्पानं बोललेला शब्द मागं घेतला, असं लातुरात आजवर कुणी ऐकलंय का?" आप्पा म्हणाले. "हुकूम तसाच ऱ्हाईल. मी त्येच्या विरोधात बसतो."

आणि ते खरंच बसले. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी त्यांनी दुकानाच्या पायरीवर सतरंजी अंथरली, मागे फलक लावला, 'मशीनची हुकूमशाही चालणार नाही', आणि दुकानाकडे पाठ करून ठाण मांडलं. मागण्या तीन होत्या. अहवाल जाळावा, अंगठ्याचं मशीन उखडावं आणि मालकाला मालकाची जागा परत मिळावी. रस्त्यावरून जाणारा हवालदार थांबला. आंदोलनाला दुकानमालकाची परवानगी आहे का, असं त्याने विचारलं. आप्पा म्हणाले, मालक मीच. हवालदाराने फलक पुन्हा एकदा वाचला, मग आंदोलन कुणाच्या विरोधात आहे ते विचारलं, आणि उत्तर पुरतं ऐकून न घेताच मोटरसायकल चालू केली.

खबर गोलाईच्या बाजारभर पसरली. चाकूरहून अमृतराव पाठिंबा द्यायला आले आणि लातुरातच भावाकडे मुक्काम टाकून राहिले. नेमकी लग्नसराई होती. बायकांना घेऊन दुकानात आलेली पुरुष मंडळी एरवी आतल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून जांभया देतात, घड्याळ बघतात, झालं का म्हणून विचारतात. त्यांना पायरीवर हे असं काही मिळालं. मालकच मालकाविरुद्ध बसलाय म्हटल्यावर कोण पुढे जाईल? आधी ते गंमत बघायला थांबत, मग सतरंजीच्या कडेला टेकत, मग मांडी घालत. मांजरा धरणाच्या पाण्यापासून तुरीच्या भावापर्यंत विषयांना तोटा नव्हता, आणि आप्पांना प्रत्येकाचं घराणं ठाऊक होतं. एकाच्या पणजोबांनी त्यांच्या वडिलांकडून धोतरजोडी नेल्याचं त्यांनी सांगितलं तेव्हा तो माणूस दुपारपर्यंत हलला नाही.

बायका आत जात होत्या. आप्पांना ते दिसत नव्हतं, कारण पाठ फिरवली होती. पायरी चढणारी पावलं कानावर येत, ती आपल्या भेटीला आलेल्यांचीच असं ते धरून चालले होते. रत्नम्मा एका दुपारी डबा घेऊन आल्या. डबा त्यांच्या पुढ्यात ठेवून त्या शांतपणे पायरी चढून दुकानात गेल्या. डबा खाऊन झाला, ताक पिऊन झालं, पान खाऊन झालं, तरी बाहेर येईनात. आल्या तेव्हा हातात मोठी पिशवी होती.

"काय घेतलंव?" आप्पांना राहवलं नाही.

"तुम्ही आंदोलनाला बसलाव न्हवं? मंग गुमान बसा," रत्नम्मा म्हणाल्या आणि रिकामा डबा उचलून गेल्या.

आत काय चाललंय हे पहिल्यांदा नागप्पांच्या ध्यानात आलं, कारण गठ्ठे सोडून सोडून त्यांचे हात भरून आले. त्यांनी संगमेशला सांगितलं. संगमेशने दुसऱ्याच दिवशी पायरीवर कापडी मांडव घालून दिला, मग कूलर ठेवला, मग आप्पांच्या पाठीला लोड. आंदोलकांचा चहा बाजूच्या दाराने दुकानातूनच यायला लागला. रोज सकाळी संगमेश बाहेर येऊन सगळ्यांच्या देखत मोठ्या आवाजात सांगे, की एकही मागणी मान्य होणार नाही. पोराला कणा आहे म्हणायचा, असं आप्पांना मनातून वाटे आणि ते जास्तच ताठ बसत.

पण माणूस किती दिवस ताठ बसेल? कंबर धरायला लागली. आणि कंबरेपेक्षा जास्त मन खायला लागलं. गप्पा थांबल्या की त्यांच्या डोक्यात येई, ऐन लग्नसराईत आपण आपल्याच दारात पथारी टाकून बसलोय. ही पायरी आपण स्वतः उभं राहून घडवून घेतली. हट्टापायी आपण आपलंच दुकान बुडवायला निघालो. एका संध्याकाळी त्यांनी अमृतरावांना हळू आवाजात सांगितलं, की उद्या उठतो. आंदोलन मागे घेतो, घरी जाऊन बसतो, पुन्हा काउंटरकडे फिरकणार नाही. पोरांना कसं चालवायचं तसं चालवू दे. हे बोलताना त्यांचा आवाज पार उतरला होता.

चहाचे कप गोळा करायला आलेल्या नागप्पांनी ते ऐकलं आणि आत धावत जाऊन सांगितलं. दुकानात घबराट उडाली. संगमेश लगेच तोड काढत म्हणाला, मी बाहेर जाऊन आप्पांना चार शब्द लागेल असं बोलतो, थकलात म्हणून हिणवतो, की झालं, महिनाभर उठायचे नाहीत. वर्षाराणी संगणकापुढे बसली होती. ती म्हणाली, तसलं काही करू नका, मी जाऊन त्यांना आकडे दाखवते. संगमेशने हात जोडायचेच बाकी ठेवले. खरं कळलं तर ते आत्ताच्या आत्ता उठून जातील, असं तो म्हणाला.

"जाऊ देत," ती म्हणाली. "एकदा त्यांची गोष्ट त्यांना सोडून सगळ्यांना कळली होती. पुन्हा तसं मी होऊ देणार नाही."

ती बाहेर आली आणि सतरंजीवर आप्पांच्या शेजारी बसली. पुढ्यातली मंडळी अदबीने थोडी सरकली. बोलणी करायला माणूस आला, असं त्यांना वाटलं. वर्षाराणीने मोबाईलवरचं चित्र आप्पांपुढे धरलं. त्यात एकही खड्डा नव्हता. होता तो उंचवटा, आणि तो आप्पा पायरीवर बसले त्या दिवसापासून सुरू झाला होता.

"तुम्ही आत असता तेव्हा बायका बाहेर जातात," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तुम्ही बाहेर बसता तेव्हा त्यांच्यासोबतची माणसं बाहेर बसतात. आत बायका निवांत असतात. कुणी घड्याळ बघत नाही, कुणी सासऱ्याचं नाव घेत नाही."

आप्पांनी चित्राकडे बघितलं, मग पुढ्यात बसलेल्या माणसांकडे. "म्हंजी मी हितं ह्या सगळ्यांना धरून बसलो, म्हणून?"

"म्हणूनच."

"अन् माझं आंदोलन?"

"त्याला दुकानात कुणाचाच विरोध नाही. मागण्या तेवढ्या मान्य होऊ नयेत, असं सगळ्यांचं म्हणणं आहे." तिने मोबाईल खाली ठेवला. "चूक माझीपण झाली. क्रमांक एकला कुठून उठवायचं ते मी सांगितलं. कुठं बसवायचं ते सांगितलं नाही. अर्धंच काम झालं होतं."

बसल्या दिवसापासून मडिवाळप्पांनी पहिल्यांदा मान मागे वळवली. आत दिवे लागले होते. काउंटरवर साड्यांचे ढीग पडले होते, एक म्हातारी आरशापुढे पदर सारखा करत होती, तिच्या दोघी सुना तिला हसत होत्या, आणि नागप्पा घामाघूम होऊन वरच्या फळीवरून आणखी गठ्ठे ओढत होते. इतक्या बायका एकाच वेळी हसताना आप्पांनी आपल्या दुकानात कधी बघितल्या नव्हत्या. बघणार कसे? ते असत तेव्हा त्या हसत नसत. राग येतोय की आनंद होतोय, ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

मग त्यांनी मान पुढे वळवली.

"अमृतरावला हे मालूम हाय?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"नाही."

"सांगू नको." त्यांनी हनुवटी खाजवली. "चाकूरच्या अन् कंधारच्या दुकानापुढं कोण बसलं तर चालंल, तेवढं तुझ्या आकड्यांतून काढून दे. गप्पिष्ट पाहिजे. अन् लवकर समाधान होणारा नको."

वर्षाराणीने मान डोलावली. आप्पा कंबर धरून उठले, उपरणं खांद्यावर नीट घेतलं आणि मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज लावला.

"मंडळी, पोरगी तडजोड घेऊन आलती. मी साफ न्हाई म्हणून सांगितलं. तिन्ही मागण्या मान्य झाल्याबिगर मडिवाळप्पा हितून हालत नसतो."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात अमृतरावांनी वाजवल्या. मित्राचा उतरलेला आवाज पुन्हा चढलेला ऐकून त्यांना भरून आलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे चाकूरला घरी फोन लावला आणि थोरल्या मुलाला सांगितलं, की मी काही इतक्यात येत नाही, तुम्हीच सगळे उद्या इकडे या. धाकट्या लेकीच्या लग्नाचा बस्ता इथेच बांधू, आप्पाला तेवढाच आधार होईल. फोन ठेवून त्यांनी आप्पांचा हात हातात घेतला.

"बघ आप्पा, अख्खं घर येऊन राहिलं तुझ्या पाठिंब्याला. सुना बी येतील."

"येऊ दे की," मडिवाळप्पा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "पर मी आत पाऊल टाकणार न्हाई. आंदोलन म्हंजी आंदोलन."